आमच्या गल्लीच्या खिडक्या

मी तंजावुरात एका तमिळ दैनिकाची बातमीदार आहे. घरी मराठी बोलते आणि बातम्या तमिळमध्ये लिहिते. राजवाड्याभोवतीच्या आमच्या गल्ल्यांत यात कुणाला काही नवल वाटत नाही, इथे सगळ्यांचंच असं आहे. नवल वाटायचं ते एवढंच, की शाळेत किंवा सरकारी कचेरीत नोकरी धरायची सोडून मी गावभर स्कूटर फिरवत माणसांना प्रश्न विचारण्याचा धंदा का धरला.

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात हे प्रश्न विचारणंही जवळजवळ बंद झालं होतं. सकाळी मोबाइलवर निरोप यायचा, आज अमुक गल्ली बंद होणार. मी निघायचे. आमचा फोटोग्राफर आपली मोपेड घेऊन नाक्यावर भेटायचा. वयाने मोठा आहे, मी त्याला अण्णा म्हणते. महापालिकेची माणसं हातगाडीवरून पत्रे आणायची, दोन्ही बाजूंना बांबू रोवायची आणि घराच्या दारासमोर पत्रा ठोकायची. ओसाड गल्लीत तो ठोकण्याचा आवाज फार लांबवर जायचा. आम्ही कोपऱ्यावर उभे राहायचो. अण्णा फोटो काढायचा. घरात किती माणसं, कोण कुठून आलं होतं, कुणाकुणाला भेटलं होतं, हे मी टिपून घ्यायचे.

नावं आम्ही छापत नव्हतो. ‘एका निवृत्त शिक्षिकेला’, ‘कुंभकोणमला लग्नाला जाऊन आलेल्या व्यापाऱ्याला’, असं लिहायचो. वाचक फोन करून विचारायचे, ती शिक्षिका म्हणजे अमक्या घरातलीच ना? मी सांगत नसे. नाव न सांगण्यात सगळी सभ्यता आली, असं मला वाटायचं. त्याचा थोडा अभिमानही होता.

अप्पा ओरत्तनाडच्या तालुका कचेरीत नोकरीला होते. रोज बसने जायचे, बसने यायचे, आणि निवृत्त झाल्यावरही गल्लीतल्या लोकांचे अर्ज तेच लिहून द्यायचे. वीज, पाणी, पेन्शन, कशाचाही अर्ज असो, माणूस आमच्या ओट्यावर यायचा. इस्त्रीच्या शर्टाशिवाय अप्पा ओट्यावर कधी बसले नाहीत. गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं त्या दिवसांतही पांढरा शर्ट घालून पेपर वाचत बसायचे.

मी कामाला जाऊ नये असं अम्माचं म्हणणं होतं. परत आले की ती मला मागच्या अंगणातून आत घ्यायची, विहिरीपाशी आंघोळ करायला लावायची, कपडे उकळत्या पाण्यात टाकायची, आणि एवढं करूनही बडबडत राहायची. अप्पा मात्र माझ्या बाजूचे होते. काम अवघड झालं म्हणून सोडायचं असतं तर आपल्या घरातल्या कुणीच कधी नोकरी केली नसती, असं ते म्हणाले. मला बरं वाटलं. मी रोज जात राहिले.

मग एके दिवशी पत्रकारांची तपासणी झाली. मला काहीच होत नव्हतं, अंगात कणकणसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी फोन आला की मला लागण झाली आहे. लगोलग घरच्यांची तपासणी झाली. अम्मा सुटली. अप्पांना गेले दोन दिवस खोकला होता, त्याला आम्ही सगळे उन्हाचा खोकला म्हणत होतो. तो उन्हाचा नव्हता. घरात दुसरं कुणी बाहेर जात नव्हतं, तेव्हा तो कुणी आणला हे विचारायचीही गरज नव्हती. कुणी विचारलंही नाही. अम्मा फक्त अप्पांची पिशवी भरत राहिली.

आम्हाला न्यायला आरोग्य खात्याची गाडी दुपारी आली. मला आधी बसायला सांगितलं. गल्ली चांगली अरुंद आहे, गाडी आमच्या दारापर्यंत येऊ शकली नाही, चार घरं अलीकडेच थांबली. मी आत बसून मागच्या उघड्या दारातून घराकडे बघत होते. पत्रेवाले आधीच येऊन थांबले होते. त्यांनी एक बांबू रोवला होता आणि पत्रा भिंतीला टेकवून ठेवला होता.

अप्पा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, हातात कापडी पिशवी. पायरी उतरताना वेष्टीचा काठ पत्र्याच्या कोपऱ्यात अडकला. त्यांना कळलं नाही, ते पुढे गेले, आणि वेष्टी सुटली. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने वेष्टी गोळा करायची धडपड, असे ते गल्लीच्या मधोमध उभे राहिले. मी त्यांना जन्मात तसं पाहिलं नव्हतं. मी उठले. पांढऱ्या पोशाखातल्या माणसाने हात वर करून मला बसायला सांगितलं. पत्रेवाले मागे सरकले. अम्मा उंबऱ्याच्या आत होती, तिला बाहेर यायची बंदी होती. पिशवी खाली ठेवून, पाठमोरं होऊन, अप्पांनी स्वतःच वेष्टी नेसली. त्याला किती वेळ लागला असेल? फार नाही. पण तेवढ्यात मी सगळ्या खिडक्या पाहिल्या.

प्रत्येक खिडकीत तोंडं होती. दोन-तीन ठिकाणी मोबाइल वर धरलेले. आमच्या बरोबर समोरच्या घरातल्या मामी गजांना दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. बाकीचे थोडा वेळ बघून आत गेले, त्या हलल्या नाहीत. अप्पा गाडीपर्यंत चालत आले, वर चढले, गाडी निघाली, पत्रा ठोकायला सुरुवात झाली, तरी त्या तिथेच होत्या. मला वाटलं, बघून बघून हिचं पोट भरत नाही.

एका कॉलेजच्या वसतिगृहात आमची सोय केली होती. मी वरच्या मजल्यावर, अप्पा खाली पुरुषांच्या खोल्यांत. आम्ही फोनवर बोलायचो. त्यांचा खोकला वाढला नाही, जेवण बरं होतं. पण त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, कोण कोण बघत होतं? मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, “समोरची तर हललीच नाही.” पुढे ते त्याबद्दल बोलले नाहीत, पण रोज काहीतरी निमित्त काढून विचारायचे की गल्लीतल्या कुणाचा फोन आला का.

तिकडे अम्मा एकटी पत्र्याआड होती. तिने फोनवर सांगितलं, पत्र्याला एका बाजूने फट राहिली होती, तिथून दूधवाला पिशवी सरकवायचा. कुणीतरी तक्रार केली आणि माणसं येऊन फट बुजवून गेली. तक्रार कुणी केली ते आम्हाला आजही माहीत नाही. तेव्हा मात्र आम्ही तिघांनीही मनातल्या मनात समोरच्या मामींचं नाव घेतलं होतं.

आमचीच बातमी मी वसतिगृहाच्या पलंगावर मोबाइलवर वाचली. माझ्या जागी काम करणाऱ्या मुलीने लिहिली होती. ‘राजवाडा परिसरातील एका महिला पत्रकाराला व तिच्या निवृत्त सरकारी कर्मचारी वडिलांना’. नाव नव्हतं. एका शब्दाचीही चूक नव्हती. वाक्यसुद्धा माझंच होतं, माझ्या जुन्या बातम्या बघून तिने तसंच्या तसं उचललं होतं. सोबत अण्णाने काढलेला आमच्या दाराचा फोटो. त्याने नंतर मला फोन केला आणि म्हणाला, ऑफिसने सांगितलं, काय करू. मी म्हटलं, तुझी काही चूक नाही. मग कितीतरी वेळ मी त्या फोटोत अम्माची रांगोळी शोधत बसले. पत्र्याखाली अर्धी दिसत होती.

आम्ही बरे होऊन घरी आलो. पत्रा निघाला. अप्पा पुन्हा शर्ट घालू लागले, पण ओट्यावर बसायचे बंद झाले. पेपर आतल्या खोलीत वाचायचे. एकदा समोरच्या मामींनी खिडकीतून अम्माला हाक मारून आमच्या तंजावुरी बोलीत विचारलं, “बरं अहे का सगळं?” अम्माने “अहे” एवढंच उत्तर दिलं आणि आत वळली.

मामींचे यजमान आणि अप्पा जुने दोस्त. रोज पहाटे दोघे किल्ल्याच्या खंदकाकडेने फिरायला जायचे. मामींचे यजमान शाळामास्तर होते. लहानपणापासून आम्ही मुलं त्यांना ड्रिल मास्तर म्हणायचो. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी शिट्टी वाजवली की आम्ही खेळ थांबवून ताठ उभे राहायचो.

काही आठवड्यांनी सकाळी माझ्या मोबाइलवर निरोप आला. आज बंद होणारी गल्ली आमचीच होती, आणि घर समोरचं. मास्तरांना लागण झाली होती. मी अप्पांना सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, फोन लाव.

त्यांनी गल्लीतल्या एकेका घरी फोन लावायला सांगितलं. मी नंबर लावून द्यायचे, ते बोलायचे. प्रत्येकाला एकच सांगितलं. गाडी येईल तेव्हा खिडक्या लावून घ्या, कुणी बघत उभं राहू नका, माणसाला मानाने जाऊ द्या. कुणी वाद घातला नाही. एकाने तर म्हटलं, तुमच्या वेळी आम्हाला हे सुचायला हवं होतं. अप्पा म्हणाले, झालं ते झालं. मी त्यांच्याकडे बघत होते. घरी आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज तालुका कचेरीतल्यासारखा वाटत होता.

एवढ्यात अण्णाचा फोन आला. तुझं घर तर बरोबर समोर आहे, गच्चीवर येऊन फोटो काढू का? मी नको म्हटलं. तो म्हणाला, मग कोपऱ्यावरून काढतो. मी म्हटलं, कोपऱ्यावरून काही दिसत नाही. तो म्हणाला, बरं, मग मी येतच नाही. ऑफिसला मी सांगितलं की आमच्या वॉर्डाची बातमी फोटोशिवाय जाईल आणि गल्लीचा उल्लेख नसेल. का, ते त्यांनी विचारलं. मी काहीतरी सांगितलं.

गाडी आली तेव्हा आम्ही तिघं मागच्या खोलीत बसलो होतो, विहिरीच्या बाजूला. खिडक्या लावलेल्या. गाडीचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग दार आपटल्याचा, आणि मग पत्रा ठोकल्याचा. अप्पा जमिनीकडे बघत होते. अम्मा भाजी निवडायला घेऊन बसली होती, पण हात चालत नव्हता. गल्लीत दुसरा काही आवाज नव्हता. मला वाटलं, या सगळ्या उन्हाळ्यात एक गोष्ट तरी आपल्या हातून नीट झाली.

मास्तर परत आले नाहीत. त्यांचा मुलगा परदेशात, विमानं बंद. क्रियाकर्म सगळं रुग्णालयातूनच झालं. मामी पत्र्याआड एकट्या होत्या. अम्माने स्वयंसेवकांच्या हाती जेवणाचा डबा पाठवला, तो त्यांनी घेतला. पण पत्रा निघाल्यावर त्या आमच्याकडे बघेनात. अम्मा दाराशी दिसली की खिडकीतून आत जायच्या. गल्लीत दुसऱ्या कुणाशीही त्या बोलत नव्हत्या. आम्ही म्हटलं, दुःख आहे, वेळ लागेल.

बरेच महिने गेले. देऊळ उघडलं, बस सुरू झाल्या, राजवाड्यापुढे पुन्हा रिक्षा उभ्या राहू लागल्या. एका दुपारी मामी डबा परत करायला आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. पायरीच्या खाली उभ्या राहिल्या. अम्माने डबा घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, मास्तरांच्या वेळी आम्हाला यायलाही मिळालं नाही.

मामी म्हणाल्या, “यायला कोण म्हणतं? तुमच्या दाराला पत्रा लागला त्या दिवशी मी खिडकीतनं हलले नाही. तुम्हाला एक तरी तोंड दिसावं म्हणून. आणि आमचे हे निघाले, तर गल्लीत एक खिडकी उघडी नाही. ते वळून वळून बघत होते. मला विचारलं, सगळे गावाला गेले की काय गं?”

आवाज चढवला नव्हता. एखाद्या तिसऱ्याच घरातली हकीकत सांगावी तसं सांगत होत्या. अम्माने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलू शकले असते. लोक घाबरले होते मामी, असं म्हणून सोडून देता आलं असतं, आणि त्यांनी ते मानलंही असतं, कारण त्या वर्षी भीतीच्या नावावर सगळं खपत होतं. पण आतल्या खोलीतून अप्पांनी सगळं ऐकलं होतं. ते बाहेर आले. कित्येक महिन्यांनी ओट्यावर उभे राहिले.

“मीच सांगितलं होतं सगळ्यांना,” ते म्हणाले. “फोन करकरून. खिडक्या लावा म्हणून.”

“का?”

“मला नेलं तेव्हा मला लाज वाटली होती. त्याला वाटू नये म्हणून.”

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्यांच्या तोंडावर नुसता न समजल्याचा भाव होता.

“त्यांना कसली लाज?” त्या म्हणाल्या. “ते तर आजारी होते.”

आणि रस्ता ओलांडून घरी गेल्या.

त्या दिवशी अप्पा जेवले, पेपरही वाचला, पण पुन्हा ओट्याकडे फिरकले नाहीत. माझी स्थिती त्यांच्याहून वाईट होती. अप्पांना एक गोष्ट बोचली आणि ती दुसऱ्याला बोचू नये म्हणून त्यांनी धडपड केली. ती चुकली, पण ती त्यांच्या जिवातून आली होती. मी मात्र सगळ्या उन्हाळ्यात दारादारांपुढे उभी राहून बघत आले होते. त्यातलं एखादं माणूस गाडीत चढताना काय शोधत असतं, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. काही जण आमच्याकडेही वळून बघायचे. ते रागाने बघतात, असं धरून मी मान खाली घालून लिहीत राहायचे. त्यातला एखादा नुसता हात हलवायची वाट बघत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि ज्या एकीने आमच्यासाठी म्हणून बघितलं, तिलाच आम्ही तक्रारखोर ठरवून बसलो होतो.

काही दिवसांनी अप्पा मला म्हणाले, आपल्या मास्तरावर चार ओळी तुझ्या पेपरात येतील का? नावानिशी. पहिल्या लाटेत गेलेल्या गावच्या माणसांवर आमच्या पानावर छोटे लेख येत होते. मी एका बैठकीत लिहून काढला. शिट्टी, पहाटेचं फिरणं, ताठ उभं राहायला लावणं, गल्लीतल्या तीन पिढ्यांचे ड्रिल मास्तर. ऑफिसमध्ये सगळ्यांना आवडला. छापून आला त्या दिवशी पेपर घेऊन मी स्वतः समोर गेले. मामींनी दार उघडलं आणि मला बसायला सांगितलं. चष्मा लावून उभ्यानेच वाचला.

“ते ड्रिल मास्तर नव्हते,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

त्यांनी सांगितलं, पहिली दोन-तीन वर्षंच त्यांना ड्रिलचा तास दिला होता, शाळेत दुसरं कुणी नव्हतं म्हणून. पुढे निवृत्तीपर्यंत त्यांनी भूगोल शिकवला. मुलं ड्रिल मास्तर म्हणायची ते त्यांना आवडत नसे, पण मुलांना काय सांगायचं म्हणून ऐकून घ्यायचे. शिट्टी वाजवायचे ती गाडी येतेय म्हणून, मुलं रस्त्यातून बाजूला व्हावीत म्हणून.

आमच्या दोन्ही घरांमध्ये एक रस्ता. मी जन्मापासून त्यांच्या समोर राहिले, आणि माणसांना विचारणं हेच माझं पोटापाण्याचं काम. मी म्हटलं, मामी, माझं चुकलं, मी आधी तुम्हाला विचारायला यायला हवं होतं. त्या म्हणाल्या, हो, यायला हवं होतंस. मग आत जाऊन त्यांनी एक जुना मोठा नकाशा आणला, कापडावर चिकटवलेला, कावेरीचे सगळे फाटे दाखवणारा. मास्तरांनी हाताने काढलेला. तो जमिनीवर पसरून त्या मला दाखवू लागल्या, हा फाटा कुठे निघतो, हा कुठल्या गावाशी संपतो. सुट्टीत सायकलवर जाऊन ते स्वतः बघून यायचे. मी ऐकत राहिले. त्या बराच वेळ बोलल्या. उठताना म्हणाल्या, पुढच्या वेळी अम्माला घेऊन ये. अप्पांचं नाव त्यांनी घेतलं नाही.

अजूनही त्या दोघांत बोलणं बेताचंच आहे. सणाला फराळ इकडून तिकडे जातो, तो अम्माच्या हाताने. अप्पा पहाटे खंदकाकडेने फिरायला जातात, एकटे.

लेख छापून आल्याच्या दुसऱ्या दिवशीच पेपरात चूक-दुरुस्ती आली होती. पान तीनवर, खाली, एका ओळीत. ती मी मामींना दाखवली नाही. त्यांना दिसलीही नसावी, फार बारीक होती.